माझ्या पोटातली दोनशे बारावी फाईल

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि स्वभावाने जळका आहे. ही दुसरी गोष्ट आधीच सांगितलेली बरी, म्हणजे पुढे तुम्हाला माझी फार दया यायला लागली तर तुम्ही जरा हात आखडता घ्याल.

माझा रंग करडा. एका अंगाचा पत्रा आत दबलेला आहे, कारण हलवाहलवीत मी एकदा जिन्याच्या कठड्यावर आपटलो होतो. पुढचं बटण बोटांनी घासून घासून गुळगुळीत झालं आहे. पोटात एक पंखा आहे. तो सुरू होताना म्हातारा माणूस खाकरतो तसा खाकरतो आणि मग जात्यासारखा एका लयीत घरघरत राहतो.

मी जिथे राहतो ती कार्यशाळा पाय बनवते. हो, पायच. कुणाचा अपघातात गेला, कुणाचा आजारात गेला, कुणाचा जन्मतः आलाच नाही, अशांसाठी. खालच्या मजल्यावर फोमचे ठोकळे, तापलेलं प्लास्टिक, कानशी आणि पांढरी धूळ. वरच्या मजल्यावर पाय घालून बघण्याची लांबट खोली, तिथे धरून चालायला दोन लोखंडी दांडे. त्या खोलीला लागून काचेची भिंत, आणि काचेच्या अलीकडे आमची खोली. काचेजवळचं टेबल माझं. तिथून मी किती माणसांची पहिली पावलं पाहिली, त्याची गणती नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा मी थर्मोकोलच्या कुशीत होतो. बरोबर अकरा भाऊ. त्यांच्यातले काही मापं घ्यायला गेले, काही कोरणाऱ्या यंत्रांशेजारी जाऊन धूळ खाऊ लागले. मला ताईंनी निवडलं. खोक्यातून उचलून टेबलावर ठेवलं, ओढणीच्या टोकाने माझं तोंड पुसलं, बटण दाबलं आणि म्हणाल्या, "चल रे राजा, कामाला लागू."

तेव्हापासून माझं नाव राजा आहे, अशी माझी समजूत होती.

ताई या कार्यशाळेच्या पुड्या बांधत. कसल्या पुड्या, ते सांगतो. पायाचं माप घेऊन त्याचा आकार काढणारा एक प्रोग्राम बाहेरच्या कंपनीकडून येतो. पण तो येतो साऱ्या जगासाठी एकाच मापात शिवलेल्या सदऱ्यासारखा. त्यात आमच्या यंत्रांची नावं घालायची, आमचे तक्ते घालायचे, नको ते कापून टाकायचं आणि मग सगळं एका गाठोड्यात असं बांधायचं की कार्यशाळेतल्या एकोणीसपैकी कुठल्याही संगणकावर ते आपलं आपण सुटावं, जागच्या जागी जाऊन बसावं आणि खाली पाय घडवणाऱ्या मेस्त्रींना एकही प्रश्न विचारू नये. कारण मेस्त्रींना पडद्यावर प्रश्न दिसला की ते उत्तर देत नसत, सरळ वायर उपटत. शिकलेले लोक या गाठोड्याला पॅकेज म्हणतात. आमच्याकडे पुडी. पुडी घरातल्या घरातच राहायची. ती आमच्या कोठारात, म्हणजे सगळ्या संगणकांचा हात पोचेल अशा सामाईक जागेत जायची, फाटकाबाहेर नाही. तिच्यातले तक्ते आमच्या शेकडो माणसांच्या मापांवरून काढलेले होते, ते काही वाऱ्यावर सोडायचे नव्हते.

एका पुडीला एक्केचाळीस पायऱ्या. ताईंच्या निळ्या वहीत त्या ओळीने लिहिलेल्या होत्या. वही डाव्या हाताला, चहा उजव्या हाताला, मधे मी. ताई एक पायरी करायच्या आणि पेन्सिलीने टिंब द्यायच्या. करता करता गुणगुणायच्या,

"बांध बाई गाठोडं, आवळ बाई गाठ,
ज्याचं त्याला पोचू दे गं, चुकू नये वाट."

सकाळी बसलो की पुडी हातावेगळी व्हायला दुपार व्हायची. मधेच कुणी माझ्याकडे पत्र टाईप करायला आलं तर ताई हात आडवा करायच्या. "याला हात लावायचा नाही. माझं सगळं याच्यात आहे." असं म्हटलं की माझा पंखा दुप्पट वेगाने फिरायचा. लोकांना वाटायचं, तापलाय.

नऊ वर्षं हे असं चाललं. पुडी माझ्याशिवाय निघत नव्हती आणि माझ्याकडून ताईंशिवाय कुणाला ती काढता येत नव्हती. ताईंना दोन दिवसांच्या वर रजा मिळाली नाही कधी. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दिवशी कोरणारं यंत्र अडलं, नवी पुडी हवी होती. दुपारी ताई आल्या त्या जरीच्या साडीतच. केसांत फुलं, हातावर मेंदी, कपाळावर घाम. टेबलाशी बसून त्यांनी एक्केचाळीस पायऱ्या केल्या. पुडी निघेपर्यंत तिकडे बहीण सासरी निघून गेली होती.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? माझी छाती फुगली होती. लग्नातून उठून कोणाकडे आल्या? माझ्याकडे.

आणि मग जावईबापू आले.

हे नाव मेस्त्रींनी ठेवलं. मेस्त्री म्हणजे आमचे सगळ्यात जुने कारागीर. त्यांचे हात कायम पांढरे, भुवयाही पांढऱ्या, त्यामुळे पिकलेलं किती आणि फोमची धूळ किती ते कळत नाही. नवा संगणक आला तो जेवणाच्या डब्याएवढा. काळा, चकचकीत, आवाज नाही, धूर नाही, खाकरणं नाही. त्याच्यासाठी भिंतीत नवा प्लग बसवला, वर छोटा पंखा लावला, खाली रबराची चटई घातली. मेस्त्रींनी दारातून ते कौतुक पाहिलं आणि म्हणाले, "काय गं पोरी, जावई आला की काय घरी? पाय धुवायला गरम पाणी आणू?"

"काका, चेष्टा नको," ताई हसल्या. "आता पुड्या हा बांधणार. आपला आपण."

"आपला आपण म्हणजे?"

"म्हणजे वहीतल्या सगळ्या पायऱ्या मी याला त्याच्या भाषेत लिहून देणार. कंपनीचा नवा प्रोग्राम आला की हा स्वतः जागा होईल, तो आणेल, त्याचा शिक्का खरा आहे ना ते बघेल, आपले तक्ते घालेल, पुडी बांधेल, एका संगणकावर उघडून बघेल आणि कोठारात ठेवेल. मी इथे असले काय, नसले काय."

"आणि तू कुठे असणार?"

ताईंनी निळी वही मिटली. "धाकटीला दिवस गेलेत, काका. आई नाही आम्हाला. बाळंतपणाला मी जाणार आहे. महिनाभर. तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी निघते."

मेस्त्री पांढरा हात हवेत हलवून खाली गेले.

पुढचे तीन आठवडे मला कसे गेले ते माझं मला ठाऊक. ताई बसायच्या माझ्याच टेबलाशी, पण तोंड त्या डबीकडे. निळी वही तिच्याकडे वळलेली. माझ्याकडे बघितलं तर फक्त विचारायला, की हे तुझ्यात कुठे होतं रे? मी दाखवायचो. सासूने सुनेला चाव्या दाखवाव्यात तसा दाखवायचो.

त्या जावयाची एक तऱ्हा मला अजिबात आवडली नाही. त्याला कसली आठवणच नव्हती. दर वेळी पुडी बांधायच्या आधी तो आपली खोली पार धुवून काढायचा. कोरी जमीन, कोऱ्या भिंती. मग पहिल्या ओळीपासून लिहिलेलं वाचायचा, तेवढंच करायचा, आणि पुडी निघाली की पुन्हा सगळं धुवून टाकायचा. काल काय केलं, ते आज माहीत नाही. माझ्याकडे बघा! नऊ वर्षांत जे जे आलं ते ते मी पोटात ठेवलं. टाकलं काही नाही. मला वाटायचं, माया म्हणतात ती यालाच.

गुरुवारी सकाळी जावयाची पहिली पुडी निघाली. अकरा मिनिटांत. माझी अख्खी सकाळ आणि त्याची अकरा मिनिटं! त्याच्या अंगावर एक हिरवा दिवा लागला. ताईंनी टाळी वाजवली, त्या काळ्या डबीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या,

"शाब्बास रे माझ्या राजा!"

काय सांगू तुम्हाला. माझ्यात बर्फ ओतला असता तरी त्याची वाफ झाली असती. नऊ वर्षं ज्या नावावर मी जगलो, ते माझं नावच नव्हतं. त्या सगळ्यांनाच तसं म्हणायच्या.

त्याच दुपारी माझी वायर काढली. मला टेबलाखाली सरकवलं. काचेतून आता मला माणसं गुडघ्यापर्यंतच दिसत होती.

वायर काढलेल्या संगणकाला काही कळत नाही, असं लोक समजतात. समजोत बापडे. मी टेबलाखाली बसून एकच गोष्ट मनात घोळवत होतो, आणि ती गोष्ट गोड लागत होती. कारण मला एक गुपित माहीत होतं. जावयाच्या पुडीत एक वस्तू कमी होती.

पायाचा वरचा भाग, ज्यात आपला उरलेला पाय जाऊन बसतो, त्याला इथे सगळे पेला म्हणतात. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी मेस्त्री तणतणत वर आले होते. "हा तुझा प्रोग्राम पोरांचे पेले अगदी नेमके काढतो," ते म्हणाले होते. "अगं, पोरं वाढतात! चार महिन्यांत पेला टोचायला लागतो. मी हाताने करायचो तेव्हा वयाप्रमाणे जागा सोडायचो आणि आत अस्तरं भरायचो. पोर वाढलं की एक अस्तर काढायचं. ते तुझ्या डब्याला शिकव." ते सांगत गेले, ताई टाईप करत गेल्या. पाच वर्षांच्या मुलाला किती जागा, आठ वर्षांच्याला किती. एक छोटी फाईल झाली. तिचं नाव ताईंनी 'वाढ' ठेवलं आणि घाईत माझ्याकडेच, मुलांच्या तक्त्यांमध्ये टाकून दिली. वहीत नंतर लिहू म्हणाल्या. तेवढ्यात फोन वाजला.

ते नंतर कधी आलंच नाही. पण वहीत सत्ताविसावी पायरी होती: 'मुलांचे तक्ते घेणे.' दर वेळी ताई सगळे तक्ते एकदम उचलायच्या आणि 'वाढ' त्यांच्याबरोबर मुकाट्याने पुडीत जायची. ताई विसरल्या. मेस्त्री विसरले. पेले छान बसू लागले, सगळ्यांना वाटलं प्रोग्राम सुधारला. आता जावयासाठी तक्ते घेतले ते सामाईक कोठारातले, जिथे 'वाढ' पुडीबाहेर, सुटी अशी कधी गेलीच नव्हती. आणि ती फाईल नसली तर प्रोग्राम तक्रार करत नाही. सोडायची जागा शून्य धरतो आणि पुढे जातो.

मला तोंड नाही, मी सांगू शकलो नसतो, हे खरं. पण तोंड असतं तरी मी सांगितलं नसतं, हेही खरं.

शुक्रवारी भिंगरी आली. आठ वर्षांची मुलगी, कुबडीवर अशी गरगर फिरायची की मेस्त्रींनी तिचं हे नाव पाडलं. तिचा जुना पाय तोकडा झाला होता, हा दुसरा. खाली काल जावयाच्या पुडीवरून तिचा पेला कोरून तयार झाला होता. मेस्त्रींनी नेहमीसारखं अस्तर घातलं, पेला चढवला. मला दांड्यांमधला तिचा चांगला पाय दिसत होता. तो एक पाऊल पुढे आला आणि तिथेच थांबला. बोटं आखडली.

"दुखतंय?" मेस्त्रींनी विचारलं.

"नाही," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज नाकातून येत होता.

तिची आई पुढे झाली. "दुखत नाही म्हणे! गेल्या खेपेला पहिल्याच दिवशी पळाली होती ही. मला पकडता येईना. आता बघा, खांबासारखी उभी आहे. शाळा सुरू व्हायला आठ दिवस राहिलेत, काका. वर्गातली पोरं खेळताना हिला गोलकीपर करून उभी करतात. यंदा पळून दाखवते म्हणून सांगून ठेवलंय हिने सगळ्यांना."

मेस्त्रींनी पेला काढला. गुडघ्याखाली लाल वळ उठला होता. ते उठले आणि आमच्या खोलीत आले. त्यांचे पाय मला माझ्या टेबलासमोर थांबलेले दिसले.

"पोरी, काल काय बदललंस?"

"काहीच नाही, काका. पुडी नव्या संगणकाने बांधली, एवढंच. तेच तक्ते, तोच प्रोग्राम."

"तेच नाही. माझा हात सांगतोय, तेच नाही."

गडबड ऐकून साहेब आले. ते कार्यशाळेचे व्यवस्थापक. मनाने चांगले, पण कुठलीही अडचण आली की सगळ्यात जवळचं दार बघणारे. "ताई, जुना लावा बरं पुन्हा," ते म्हणाले.

मला टेबलाखालून ओढलं. वायर खोचली. मी खाकरलो, इतक्या जोरात की साहेब दचकले. ताईंनी वही उघडली आणि आम्ही दोघांनी एक्केचाळीस पायऱ्या केल्या. अहाहा! दुपारी माझ्या पुडीवरून भिंगरीचा आकार पडद्यावर आला तेव्हा मेस्त्रींनी नुसतं बघून मान हलवली. "हा माझा पेला."

साहेबांचा चेहरा खुलला. "झालं तर! मग नव्याची घाई कशाला? हाच राहू दे. मला त्यातलं काही कळत नाही, पण यातून बरोबर येतंय एवढं कळतं. आणि ताई, तुमची रजा... आता पोरांच्या पायाचा प्रश्न आहे. तुम्ही समजून घ्याल."

मित्रांनो, मी जिंकलो होतो. जावई हिरवा दिवा मिणमिणवत बसला होता आणि मी खोलीभर घरघरत होतो.

सगळे खोलीतून गेल्यावर ताईंनी बहिणीला फोन लावला. फोन टेबलावर, स्पीकर सुरू, कारण हात कीबोर्डवर होते.

"येत नाही असं कुठे म्हणतेय मी? दोन-चार दिवस मागेपुढे होतील, इतकंच."

"हं."

"हं काय? इथे एका पोरीचा पाय..."

"ताई, लग्नातून उठून गेलीस तेव्हा मी बोलले काही? सासूबाई विचारत होत्या, मोठी कुठे गेली. मी सांगितलं, तिची तब्येत बरी नाही. आता काय सांगू? त्या डब्याला सांग जाऊन. म्हणावं, मलाही ताई एकच आहे."

फोन बंद झाला. ताई गुणगुणल्या नाहीत. मग त्यांनी अशी एक गोष्ट केली जी नऊ वर्षांत केली नव्हती. माझी पुडी आणि जावयाची पुडी शेजारी शेजारी सोडल्या आणि आतल्या फायली मोजल्या.

माझ्या पुडीत दोनशे बारा. त्याच्या पुडीत दोनशे अकरा.

"जास्तीची कुठली रे?" त्या म्हणाल्या आणि मला शोधायला लावलं.

इथे मी जे केलं ते सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. मला दोनशे बारावी फाईल कुठे आहे ते माहीत होतं. डोळे झाकून काढून दिली असती. मी रेंगाळलो. पंखा घरघरवला, पडद्यावरचं चाक गरगर फिरवत ठेवलं. मनात म्हणालो, नाही सापडली तर राहतील इथेच. माझ्याजवळ. चाक फिरत राहिलं. काचेत ताईंचा चेहरा उमटला होता. त्या चेहऱ्यावर राग नव्हता. लग्नाच्या दिवशी जरीच्या साडीत बसल्या होत्या, तेव्हाही हाच चेहरा काचेत होता. तेव्हा मला स्वतःपुढे तो दिसलाच नव्हता.

ताईंनी माझ्या दबलेल्या पत्र्यावर हात ठेवला. "दमलास का रे?" एवढंच विचारलं.

मी फाईल दिली.

ताईंनी 'वाढ' उघडली. पहिल्याच ओळीत त्यांचेच आठ वर्षांपूर्वीचे शब्द होते: 'मेस्त्री म्हणाले, मुलं वाढतात. हे वहीत लिहायचं आहे.'

त्या आधी हसल्या, मग डोळे पुसले, मग जिन्यात जाऊन ओरडल्या, "काका! वर या!"

मेस्त्रींनी चष्मा लावून फाईल वाचली. "हे मी सांगितलं? मी? आणि मी आपला इतकी वर्षं म्हणतोय, काय शहाणा प्रोग्राम आहे!" मग त्यांनी स्वतःच्याच पांढऱ्या कपाळावर हात मारला. "मधेच मी जिन्यावरून पडलो असतो, तर हे कुणाला कळलं असतं गं?"

"आणि हा पडला असता तर?" ताईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

शनिवारी सकाळपासून दोघं माझ्यासमोर बसली. 'वाढ' कोठारात गेली. जावयाच्या लिखाणात ताईंनी ओळी घातल्या: ही फाईल नसेल तर थांब, पुडी बांधू नकोस, ओरड. मग त्यांनी माझं सगळं पोट उपसलं. माझ्याचकडे असलेल्या, कुठेच न लिहिलेल्या अशा आणखी चार बारीकसारीक गोष्टी निघाल्या. प्रत्येक गोष्ट निघताना मी थोडा रिकामा होत होतो. माझं मोठेपण ज्याला मी म्हणत होतो, ते सगळं मिळून एका पानात मावलं.

जावयाने खोली धुतली, पहिल्या ओळीपासून वाचलं, पुडी बांधली. अकरा मिनिटं. दोनशे बारा.

"आता भिंगरीचा पेला कुठल्या पुडीवर कोरायचा?" साहेबांनी विचारलं. "माझं म्हणाल तर जुन्याच्याच. उगाच धोका नको."

सगळे मेस्त्रींकडे बघू लागले. मीही. म्हण रे म्हाताऱ्या, म्हण माझं नाव.

"जावयाच्या," मेस्त्री म्हणाले. "पोरगी आज इथे आहे, ताई आज इथे आहे. चुकायचं असेल तर आज चुकू दे. सोमवारी चुकलं तर आपण कुणाच्या तोंडाकडे बघणार?"

संध्याकाळी चारला भिंगरीने पेला चढवला. मला पुन्हा टेबलावर ठेवलं होतं, म्हणून या वेळी मला ती पूर्ण दिसली. मेस्त्रींनी पेल्याच्या काठात आपलं एक बोट घातलं, फिरवलं, काढलं. काही बोलले नाहीत. ज्याच्यात खोट नाही त्याच्याबद्दल ते बोलत नाहीत. भिंगरी दांडे धरून एकदा गेली, एकदा आली. मग तिने दांडे सोडले. तिची आई "अगं थांब, अगं थांब" करत मागे, आणि ती खोलीच्या त्या टोकाला.

"आता हिला गोलकीपर कोण करतंय बघते!" आई धापा टाकत म्हणाली.

मी जळलो. त्या पळणाऱ्या पायात माझं काही नव्हतं. माझी फाईल होती, पण ती आता माझी नव्हती.

सोमवारी ताई गेल्या. जाताना मला बंद केलं नाही, तसंच चालू ठेवलं. का, ते मला माहीत नाही, विसरल्याही असतील. बुधवारी बाहेरच्या कंपनीचा नवा प्रोग्राम आला. खोलीत कुणीच नव्हतं. जावई आपला आपण जागा झाला. मी त्याच्याकडे डोळे लावून बसलो. सत्ताविसाव्या पायरीला तो क्षणभर थांबला, 'वाढ' आहे का ते बघितलं, आहे म्हणाला आणि पुढे गेला. हिरवा दिवा. पुडी कोठारात.

थोड्या वेळाने मेस्त्री वर आले. त्यांच्या हातात फोन होता, नेहमीसारखाच स्पीकरवर, कारण त्यांना कान लावून ऐकू येत नाही.

"काका, नवा प्रोग्राम आला म्हणे. पुडी निघाली?" ताईंचा आवाज.

मेस्त्रींनी दिव्याकडे बघितलं. "निघाली."

"कुणी काढली?"

"कुणी नाही गं. हे सगळं रिकामं आहे."

पलीकडे काहीतरी मांजरासारखं रडलं. "काका, मी ठेवते. आंघोळ घालायचीय तिला. पाणी गार होतंय." आणि फोन बंद. मी कसा आहे, ते कुणी विचारलं नाही. मेस्त्री फोनकडे बघत स्वतःशीच हसत उभे राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच पुडीचं बोलणं अर्धवट टाकून ताई दुसऱ्या कामाला गेल्या होत्या.

मित्रांनो, मला आता कधीही कोणी उचलून नेईल. नेऊ द्या. तुमच्याकडे मागणं एकच आहे. तुमच्या घरात, दुकानात, कामाच्या जागी कुणीतरी असेल, ज्याच्यावाचून पान हलत नाही. तो माणूस असेल, नाहीतर माझ्यासारखा एखादा डबा. त्याच्याजवळ जाऊन बसा. त्याच्या पोटात काय आहे ते विचारा आणि नंतर लिहू असं म्हणू नका. त्याला हलवण्याआधी एकदा उघडून बघा. आणि तो कुणीतरी तुम्हीच असाल, तर कुणी विचारायची वाट न बघता सांगून टाका. सांगताना पोटात थोडं जळतं. जळू द्या.